एका कुत्र्याचा जामीनदार

कर्जाचा अर्ज समोर आला की बँकेत आम्ही रकमेच्याही आधी मुदत पाहायचो. माणूस हप्ता किती भरू शकेल यापेक्षा किती वर्षे भरत राहील, हे कळणे अवघड असते. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी हा प्रश्न हजारो लोकांना विचारला असेल. २०२४ च्या डिसेंबरात तो मला विचारला गेला. विचारणारी माझी बायको होती आणि माझ्या हातात, जुन्या मफलरीत गुंडाळलेले, पाचेक आठवड्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते.

आमचे घर नालवाडीत, नागपूर रस्त्यापासून थोडे आत. जवळच्या बांधकामावर आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपात एक कुत्री व्याली होती. पाच पिल्ले. वस्तीतली पोरे पोळ्या टाकायची, मीही सकाळच्या फेरीत दुधाची वाटी ठेवून यायचो. एवढ्यावर आपण प्राणिमित्र झालो अशी माणसाची समजूत होते, तशी माझीही झाली. मग एके रात्री त्या कुत्रीला ट्रकने उडवले. त्यानंतरच्या आठ दिवसांत एक पिल्लू चाकाखाली गेले, दोन रक्ताची हगवण लागून गेली, एक कुठे गेले ते कळलेच नाही. पाचातून चार वजा जाता जी उरली तिचे नाव मी 'शिल्लक' ठेवले. "पोरीचं नाव आहे की पासबुक?" असे म्हणून बायकोने दुसऱ्याच दिवशी त्याचे 'शिलू' करून टाकले.

पण तो मुदतीचा प्रश्न नंतरच्या हसण्यात विरला नाही. गावठी कुत्रे नीट सांभाळले तर बारा-चौदा वर्षे जगते. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा. "सत्त्याहत्तराव्या वर्षी तुम्ही तिला फिरवणार, की ती तुम्हाला?" असे बायकोने विचारले आणि मी, सगळे कर्जदार देतात तेच उत्तर दिले, "पाहू पुढचं पुढे."

पाचातले एक जगले, हा काही आमच्या वस्तीचा विशेष दुष्टपणा नव्हता. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा माग ठेवून २०१६ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वयात येईपर्यंत जगलेली पिल्ले जेमतेम १९ टक्के निघाली. मेलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के मृत्यूंत माणसाचा हात होता. कुणाचे वाहन, कुणाची काठी, कुणी उचलून नेलेले. म्हणजे पाचातले एक ही जवळजवळ सरासरीच. या देशात कुत्रा रस्त्यावर जन्मतो तो मरण्यासाठीच जन्मतो, आणि तरीही २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटके कुत्रे मोजले गेले. महाराष्ट्रात पावणेतेरा लाख. अशी ही शिल्लक.

पहिले चार महिने आम्ही शिलूला 'सांभाळले'. हा शब्द मी मुद्दाम अवतरणात टाकतो. दूध-भात, अंडे, पशुवैद्यांकडे जाऊन लसी, तिसऱ्या महिन्यात रेबीजची सुई, अंगावरच्या गोचिड्या काढणे, सगळे वेळच्या वेळी. कागदपत्र चोख. नातू सुटीत आला की तिला लोळवायचा, ती त्याची बोटे चावायची, आम्ही हसायचो. सोफ्याची शिवण उसवली तेव्हा मी वर्तमानपत्राची सुरळी करून तिला दोनदा मारले. तेव्हापासून ती सोफा कुरतडायची थांबली नाही. वर्तमानपत्र दिसले की पलंगाखाली जाऊ लागली. सकाळी सहाला पेपर दारात पडला की कुत्रे गायब! पेपरात जन्मभर लिहिणाऱ्या माणसाची याहून मोठी नाचक्की ती कोणती?

पशुवैद्यांनी नंतर मला समजावले ते सुरुवातीलाच समजायला हवे होते. पिल्लाचे तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस हे जग ओळखण्याचे दिवस असतात. त्या काळात जी माणसे, जे आवाज, जी वाहने भीती न वाटता भेटतील ती पुढे आपली वाटतात. न भेटलेले सगळे पुढे संशयाचे. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोघांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६५ साली ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ही गोष्ट जगाला माहीत आहे. चावा किती जोराचा घ्यायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकते. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते, खेळ थांबतो, चावणाऱ्याला धडा मिळतो. शिलूचे गुरुजनही गेले आणि वर्गबंधूही. ती शाळा आम्हाला घरी चालवायची होती, आणि आम्ही तिला अंडी खाऊ घालत बसलो होतो.

२०२५ च्या मे महिन्यात व्हायचे ते झाले. वर्ध्याचा मे ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. सकाळी नऊला अंगण तापते. कूलरपाशी कोंडलेले सहा महिन्यांचे कुत्रे फाटक उघडे दिसताच बाहेर सुटले. समोरून शेजारचा आठ वर्षांचा मुलगा चेंडूमागे पळत होता. पळणारी पोटरी तिने धरली. दोन दात रुतले, रक्त आले.

मी त्या मुलाला आमच्या अंगणातल्या नळाखाली बसवून साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. एवढी एक गोष्ट मला नक्की ठाऊक होती, कारण आमच्या पिढीला कुत्र्याचा चावा म्हणजे पोटातली चौदा इंजेक्शने आठवतात. माझ्या मावसभावाला ती घ्यावी लागली होती; तो रोज दवाखान्याच्या वाटेवर मावशीचा पदर तोंडात कोंबून रडायचा. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत वापरात होती. आता त्वचेत टोचायच्या लसीचे चार दिवस असतात: पहिला, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे औषधही भरतात. आमच्या कुत्रीला लस दिलेली होती, ती पुढचे दहा दिवस ठणठणीत राहिली, तरी मुलाचे उपचार पुरे केलेच. चारही तारखांना मी त्याला स्कूटरवर बसवून नेले. चार हप्ते, एकही चुकवला नाही. रेबीज अंगात भिनून लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही. इथे थकबाकीला सवलत नाही. २०२४ साली देशात ३७ लाखांवर श्वानदंशांची नोंद झाली. रेबीजने दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे मरत असावीत असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज आहे. ज्यांना ही आकडेवारी म्हणजे कुत्रेद्वेष्ट्यांची ओरड वाटते त्यांनी एकदा सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून यावे. तिथे मोटारीतून उतरणारे फारसे दिसत नाहीत. दिसतात ती पायी चालणारी माणसे आणि मुले.

त्या मुलाचे वडील भले गृहस्थ. भांडले नाहीत. पण चौथ्या सुईच्या दिवशी फाटकाशी उभे राहून म्हणाले, "साहेब, तुमच्यावर राग नाही जी. पण पोरगं आता अंगनात खेळाले जात नाही. काहीतरी करा." वस्तीतल्या बाकीच्यांची भाषा इतकी मऊ नव्हती. एकाने तर उपायही आणला. त्याच्या ओळखीचा टेम्पोवाला होता; दोनशे रुपयांत तो कुत्रे पोत्यात घालून पवनारच्या पुढे, धाम नदीपलीकडे, सोडून येणार होता. "काऊन इतका विचार करता जी? जनावर हाय, कुठंही जगते!"

मी त्याला सरळ नाही म्हटले नाही. "संध्याकाळी सांगतो," म्हणालो. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खोटे कशाला लिहू? दुपारभर मी स्वतःला समजावत होतो की नदीकाठी तिला मोकळी हवा मिळेल. बायकोला सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थकलेलं खातं दुसऱ्या शाखेवर ढकलायची सवय अजून गेली नाही का तुमची?"

टेम्पोवाल्याला निरोप गेला. शिलू राहिली.

याच दिवसांत दिल्लीत हा विषय पेटला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. आमच्या वस्तीत त्या दिवशी जणू दिवाळी होती. तो पेपर तिघांनी मला आणून दाखवला. अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावेत. पिसाळलेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक मात्र सोडू नयेत. वाटेल तिथे खाऊ घालू नये, त्यासाठी जागा नेमाव्यात. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणचे कुत्रे उचलून पुन्हा तिथे सोडू नयेत, असाही आदेश निघाला. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, चर्चा झडल्या. या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातले एक कलम कुणी फारसे वाचले नाही. ज्याला कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्याने पालिकेकडे अर्ज करावा, निवडलेल्या कुत्र्याला बिल्ला लावून तो त्याच्या स्वाधीन करावा आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्या अर्जदाराची.

बिल्ला म्हटल्यावर माझे कान टवकारले. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही म्हशींसाठी कर्जे वाटली. प्रत्येक म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला. बिल्ला नाही तर दावा नाही, असा विमा कंपनीचा नियम. परिणाम काय झाला? एकच म्हैस तीन गावांत तपासणीला उभी राहायची आणि मेलेल्या म्हशीचा कान मात्र रुमालात बांधून बँकेत यायचा. मी स्वतः टेबलावर तो रुमाल सोडलेला आहे. मग कर्जमेळे आले. एका मांडवात, हार-तुऱ्यांत, शेकडो कर्जे. घेणाराही खूश, देणाराही खूश. वसुलीच्या वेळी मांडव नव्हता. म्हणून दत्तक मेळाव्यांचे फोटो पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. पिल्लू हातात घेऊन हसणारे कुटुंब दिसते. आठव्या महिन्यात तेच पिल्लू पंधरा किलोचे होऊन दार ओरबाडते, तेव्हाचा फोटो कुणी काढत नाही. पोते आणि टेम्पो त्या वेळी येतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांत अशी एकेकाळी कुणाच्या तरी घरात वाढलेली किती आहेत, हे मोजणारा रकाना पशुगणनेत नाही.

दत्तक घेण्याची सक्ती करून पाहण्याचा विचारही झाला आहे, आणि तो आमच्याच नागपुरात. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की ज्यांना भटक्या कुत्र्यांचा कळवळा आहे त्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत, घरी न्यावेत, निदान निवाऱ्यात ठेवून खर्च सोसावा. महिन्याच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रा घरी न्यायलाच हवा असा आग्रह धरता येत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. कायद्याने ते बरोबरच. गरिबाच्या पोरीने गल्लीतल्या कुत्र्याला अर्धी भाकर दिली म्हणून तिच्या गळ्यात बारा वर्षांचे ओझे बांधता येत नाही. पण नागपूर खंडपीठाच्या म्हणण्यात जे बोचत होते ते नवे नव्हते. १९२६ साली अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आवारातले साठ कुत्रे मारवले आणि तिथल्या जीवदया मंडळाने गांधीजींना जाब विचारला, तेव्हा गांधीजींनी 'यंग इंडिया'त आठवडेच्या आठवडे या एका विषयावर लिहिले. अहिंसेचा पुजारी त्या गिरणीमालकाच्या बाजूने उभा राहिलेला पाहून लोक चक्रावले, शिव्यांची पत्रे आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की बिनधन्याचा कुत्रा ही समाजाला लाज आणि धोका आहे; दया असेल तर कुत्रा पाळा, त्याची नीट व्यवस्था लावा, तुकडा फेकून पुण्य मिळवू नका. मारण्याविषयीचे त्यांचे मत मला पटत नाही. त्याच्याही आधी, १८३२ च्या जूनमध्ये, मुंबईत कंपनी सरकारने कुत्रे मारायला माणसे नेमली तेव्हा पारशी मंडळींनी दंगा केला होता. मारण्याने कुत्रे संपत नाहीत, हे त्यानंतरच्या जवळजवळ दोनशे वर्षांनी सिद्ध केले आहे. पण तुकड्याबद्दल गांधीजी म्हणाले ते मला लागले. सिमेंटच्या पाइपापाशी दुधाची वाटी ठेवणारा मीच होतो.

कुत्रे वाढतात ते दयेपेक्षा उकिरड्यावर. आमच्या नालवाडीशी या गोष्टीचा एक जुना धागा आहे. विनोबा १९३० च्या दशकात पवनारला जाण्याआधी इथे राहिले, ग्रामसेवा मंडळ इथे उभे राहिले आणि गोपाळराव वाळुंजकरांनी इथे चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, मांस यांतले काही वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार. तो उद्योग मागे पडला तरी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे तासाभरात साफ करायची; माझ्या लहानपणी ती पन्नास-पन्नासच्या थव्यांनी उतरत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडे मेली. ते औषध जनावरांसाठी २००६ साली बंद झाले, तोवर ताट कुत्र्यांच्या पुढे गेले होते. १९९२ ते २००३ या काळात यामुळे देशात किमान ५५ लाख कुत्र्यांची भर पडली असावी, असे २००८ च्या एका अभ्यासाने मांडले. आता त्यात मंगल कार्यालयांची उष्टी आणि कोंबडीच्या दुकानांची घाण. रस्त्याकडेची एक वस्ती कुत्रे हटवते आणि कचरा तसाच ठेवते. महिन्याभरात पलीकडचे कुत्रे येऊन बसतात. म्हणून नसबंदीचे नियम, आधी २००१ चे आणि मग २०२३ चे, कुत्रा त्याच जागी परत सोडायला सांगतात. एका भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. हे काम पालिकांचे तसे ग्रामपंचायतींचेही आहे. पण शहराच्या कडेला वाढलेल्या, धड गाव नाही आणि धड शहर नाही अशा वस्त्यांत यासाठी डॉक्टर कुठून आणायचा, पिंजरे कुठे ठेवायचे आणि पैसा कोणत्या शीर्षकाखाली खर्ची टाकायचा, हा प्रश्न राज्यभर आहे. जखमी जनावर दिसले की वर्धेकराला पिपरीचे करुणाश्रम आठवते, पण एक संस्था म्हणजे यंत्रणा नव्हे.

मग दीड कोटी कुत्र्यांपुढे माझ्या एका शिलूचा हिशेब काय? आकड्यांत काहीच नाही. दत्तक घेऊन भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल असे जे सांगतात त्यांनी मेळाव्याचा मांडव पाहिला आहे, खतावणी पाहिलेली नाही. फरक इतकाच की या एका कुत्रीच्या पुढे आता एक नाव आणि पत्ता आहे. तिने चावले तर कुणाचे फाटक ठोठावायचे, हे त्या मुलाच्या वडिलांना ठाऊक होते. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत ते कुणालाच ठाऊक नसते.

जूनमध्ये शिलूची नसबंदी करून आणली आणि तिची शाळा सुरू केली. सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटे. यात जादू काही नाही, फक्त कंटाळा आहे. "बस" म्हटल्यावर बसली की तत्क्षणी उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. तीन सेकंद उशीर झाला तर बक्षीस कशाचे, हे तिला कळत नाही. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. मी "बस" म्हणायचो, बायको "खाली बस गं बाई", नातू फोनवरून "सिट". एका कुत्रीला तीन व्यवस्थापक. शेवटी ठरावच केला. तोंडाला जाळी घालायची सवयही अशीच लावली, आधी जाळीत अंडे, मग नाक, मग पट्टा. तीन आठवडे लागले. साखळीला बांधून ठेवणे बंद केले, कारण बांधलेले कुत्रे जास्त बिथरते. वर्तमानपत्राची भीती घालवायला मात्र तीन महिने गेले. रोज पेपर पसरायचा आणि त्यावर तिचे जेवण ठेवायचे. तोही लेखकाच्या स्वाभिमानाला धक्काच, पण असो.

खरी परीक्षा तो मुलगा होता. त्याची पोटरी बरी झाली, भीती तशीच. वडिलांची परवानगी घेऊन दिवाळीनंतर आम्ही दोघांचीही शिकवणी लावली. शिलू जाळी घालून, पट्ट्याने माझ्या हातात. तो फाटकाबाहेर, वीस फुटांवर. तो पोळीचा तुकडा फेकायचा, ती खायची, संपले. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांनी एक पाऊल पुढे. एकदा त्याचा चेंडू घरंगळत आला, ती उसळली, तो पळाला, आम्ही पुन्हा वीस फुटांवर. असे दोनदा झाले. संक्रांतीच्या सुमारास तो तीन फुटांवर उभा राहून म्हणाला, "बस वं शिले!" आणि ती बसली. माझ्या 'बस'ला ती अजून एकदा माझ्याकडे पाहून मग बसते.

मुदतीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. माझ्यामागे कुत्रीचे काय, यासाठी मी एक कागद करून ठेवला आहे: लसींच्या तारखा, पशुवैद्यांचा नंबर, बँकेत बाजूला टाकलेली छोटी ठेव. जामीनदाराची जागा कोरी आहे. मुलगी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, तिने प्रामाणिकपणे नाही म्हटले. परवा तो मुलगा ओट्यावर बसून कागद वाचत होता. जामीनदार म्हणजे काय, हे मी त्याला सांगितले. "मी करतो ना सही," म्हणाला आणि खिशातून पेन्सिल काढली. बँक अज्ञानाचा जामीन घेत नाही, हे त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. तो आता नऊ वर्षांचा आहे. अठराचा होईल तेव्हा शिलू दहा पूर्ण करून अकराव्यात असेल आणि मी चौऱ्याहत्तरचा. त्याने कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नाव लिहून ठेवलेच आहे. मी ते खोडलेले नाही.